सगळं माझ्याच हातात हवं असं वाटत राहतं, त्यासाठी ऑनलाईन थेरपिस्ट कसा शोधायचा

गेल्या वर्षी गणपतीत माझ्या धाकट्या जावेने वळलेला मोदक मी तिच्या हातातून घेतला, कळ्या मोडल्या, उकड परत मळली, नवीन पारी केली आणि स्वतः वळून चाळणीत ठेवला. चुलीपाशी चार बायका बसलेल्या, कोणी काही बोललं नाही. जाऊ हात धुवून परसात निघून गेली. मोदकात काही वाईट नव्हतं, मी अकरा कळ्या पाडते तिथे तिच्या सात पडल्या होत्या एवढंच, आणि तेव्हा मला अगदी मनापासून वाटत होतं की मी तिला मदत करतेय.

त्याच महिन्यात पुण्यात शिकणाऱ्या मुलीचा फोन आला, आई मी लोकेशन शेअर करणं बंद केलंय, रागावू नकोस पण आता परत चालू करणार नाहीये. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पहाटे मोबाईलवर पहिल्यांदा शोधलं, सगळं कंट्रोल करायची सवय उपाय. तिथपासून योग्य थेरपिस्ट मिळेपर्यंत माझे चार महिने गेले, त्यातले तीन फुकट गेले, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. मी दापोलीच्या खालच्या अंगाला समुद्राकडे राहते, माडा-पोफळीची वाडी आहे आणि दोन खोल्या पाहुण्यांना देतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाला न येणाऱ्या अडचणी पण यात आहेत.

पहिलं काम, शोधायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा. गेल्या महिन्यातले तीन प्रसंग लिहा, फक्त तीन, आणि नाव देऊ नका, घडलं तसंच लिहा. मी चिडखोर आहे असं नको. नवऱ्याने नारळवाल्याशी ठरवलेला भाव मी परत फोन करून बदलला, असं लिहा. तेव्हा मनात काय आलं, अंगात काय झालं, नंतर किती वेळ बरं वाटलं तेही लिहा. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. मी लिहिलं तेव्हा पहिल्यांदा दिसलं की मुलीचं लोकेशन बघितल्यावर मला जेमतेम दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग परत पोटात गोळा येतो. हे चक्रच असतं, तपासलं की भीती थोडी उतरते, उतरते म्हणून मेंदू शिकतो की तपासलं म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी अजून लवकर तपासायला लावतो. मला हे थेरपिस्टने समजावलं पण कागदावर ते आधीच होतं.

कंट्रोल इश्यू हे काही आजाराचं नाव नाही हे पण माहीत असू द्या. त्याच्या खाली वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्याप्रमाणे उपचार बदलतो. कोणाला मुळात चिंतेचा त्रास असतो आणि पुढे काय होईल हे माहीत नसणंच सहन होत नाही. कोणाला ओसीडी असतो, गॅस दहादा बघणं, हात धूत राहणं, त्याची वेगळी पद्धत असते, भीती वाटते त्या गोष्टीसमोर थांबायचं पण तपासायचं नाही, धुवायचं नाही, आणि कधी औषधंही लागतात. कोणाचा स्वभावच लहानपणापासून इतका काटेकोर असतो की त्यापायी माणसं दुरावतात. कोणाच्या घरात दारू असते, तिथे बायको बाटल्या शोधत, पैसे लपवत, सगळं घर डोक्यावर घेऊन जगते, तिला लोक हुकूम गाजवणारी म्हणतात पण ती बिचारी कोसळणारं घर धरून उभी असते. अशांसाठी थेरपीबरोबर अल-अ‍ॅनॉनच्या, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या गटाच्या मीटिंगा असतात, त्या ऑनलाईनही होतात.

आणि कोणाचं मोठ्या धक्क्यानंतर सुरू होतं. माझं तसं निघालं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, एका दुपारात आमच्या पोफळी आडव्या झाल्या, माड मोडले, कौलं उडाली, त्यानंतर किती दिवस लाईट नव्हती. आजोबांनी लावलेलं झाड डोळ्यासमोर पडताना बघितलं आणि काही करता आलं नाही. त्यानंतर हळूहळू माझी घरातल्या एकेका गोष्टीवर मूठ आवळत गेली, मला कळलंच नाही, घरच्यांना कळत होतं. तुमच्याकडे वादळ नसेल, कोणाचं जाणं असेल, धंदा बुडणं असेल, तारीख आठवत असली तर कागदावर लिहून ठेवा, थेरपिस्ट विचारणार की हे कधीपासून.

इथेच एक मोठा फाटा आहे. तुम्ही दुसऱ्यांना धरून ठेवताय की कोणीतरी तुम्हाला धरून ठेवलंय? नवरा फोन तपासतो, पैसे हातात देत नाही, माहेरी जाऊ देत नाही, हात उचलतो, तर तुमचा शोध वेगळा आहे. तिथे जोडीने समुपदेशन घेऊ असं कोणी सुचवलं तर घाई करू नका, मारहाण किंवा धाक असताना जोडप्याने एकत्र सेशन घेणं बाईच्या अंगाशी येऊ शकतं, आधी एकटीने बोला. घरात सगळे वापरतात तो फोन शोधायला वापरू नका. महिलांसाठी १८१ हेल्पलाईन आहे, ताबडतोब मदत लागली तर ११२, आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही, पैशाची आणि मनाची छळवणूकही त्यात येते.

आता कोणाकडे जायचं. आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं, याला रत्नागिरीला नेऊन टाका, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. हे चेष्टेत बोललेलं वाक्य माझ्या मनात इतकं बसलं होतं की थेरपिस्ट शोधताना पण मी मोबाईल पालथा धरून बसायचे. तर ती भीती असली तरी असू दे, ती घेऊनच पुढे चला, जाईपर्यंत थांबू नका. डॉक्टरकी शिकून मग मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, या तिघांत औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, तपासण्या आणि थेरपी करतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते आणि तो नंबर तुम्हाला त्यांच्या ऑनलाईन रजिस्टरमध्ये बघता येतो. तिसरे समुपदेशक, काउन्सेलर, यातले कित्येक मानसशास्त्रात एमए केलेले आणि उत्तम काम करणारे असतात, पण काउन्सेलर ही पाटी कोणीही लावू शकतो म्हणून इथे डोळे उघडे ठेवा. चार दिवसांचा कोर्स करून लाईफ कोच झालेल्यांचे व्हिडीओ सगळ्यात आधी वर येतात.

सवय सोडवायला थेरपी करणारं माणूस लागतं, म्हणून सुरुवात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा नीट शिकलेल्या समुपदेशकाकडून करा, झोप-भूक पार गेली असेल, छातीत धडधडून हातपाय गार पडत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा. आणि जीव द्यायचे विचार येत असतील, कोणी नसताना आवाज ऐकू येत असतील, घरात मारामारीपर्यंत जात असेल तर ऑनलाईन शोधत बसू नका, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, थेट तिथे जा, कोणाला तरी सोबत न्या.

शोधायचं कुठे, तर सुरुवातीला एक फोन करा, टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. तिथे दर आठवड्याला तोच माणूस मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण मला नेमकी कसली मदत लागणार हे विचारायला चांगली जागा आहे. मी रात्री साडेअकराला केला होता, वाडीत उभी राहून, पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. मग ठाण्याची आयपीएच, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था, त्यांचं आवाहन नावाचं यूट्यूब चॅनेल मराठीत आहे, ते आधी ऐकाच, थेरपीत काय बोलतात याचा अंदाज येतो. त्यात विवेकनिष्ठ पद्धत ऐकायला मिळेल, अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मांडलेली, आणि तिचा गाभा आपल्याच दुखण्यावर आहे. असं झालं तर बरं होईल ही इच्छा, असंच झालं पाहिजे हा हट्ट, त्रास इच्छेचा होत नाही, हट्टाचा होतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं काम थांबलं होतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवा पण आहे, ते फोनवर आणि ईमेलवर समुपदेशन करतात. आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा, तालुक्याच्या डॉक्टरांना बरीच नावं माहीत असतात, ते आपणहून सांगत नाहीत एवढंच.

इथे मी सगळ्यात जास्त चुकले ते ऐका. मी वहीत रकाने आखले, शिक्षण, अनुभव, फी, फोटोवरून स्वभाव कसा वाटतो, आणि एक्केचाळीस नावं जमवली. एक्केचाळीस! रोज रात्री त्यात खाडाखोड करायची आणि फोन एकालाही नाही. ज्या त्रासासाठी थेरपिस्ट हवा होता तोच त्रास थेरपिस्ट शोधत होता. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, तीन नावं आणि सात दिवस. तीन झाली की वही बंद. आठव्या दिवशी त्या तिघांपैकी जो मराठीत बोलतो, ज्याची नोंदणी किंवा डिग्री पटली आणि ज्याने नीट उत्तर दिलं त्याचा पहिला सेशन घ्यायचा. सर्वात चांगला शोधायचा नाही, पुरेसा चांगला शोधायचा.

मेसेज काय करायचा यात पण लोक अडकतात, हा घ्या, तसाच पाठवा:

नमस्कार, मला घरातल्या सगळ्या गोष्टी आणि माणसं आपल्या मनासारखी चालावीत असं सतत वाटतं, त्यावरून घरात ताण आहे. मराठीत ऑनलाईन थेरपी हवी आहे. आपण अशा त्रासावर काम करता का, फी किती आणि पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?

एवढंच. आयुष्याची कथा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका, मी लिहिली होती, नंतर वाटलं परत घ्यावी.

फोनवर विचारायचं ते असं. तुमचं शिक्षण काय, नोंदणी आहे का. अशा त्रासावर तुम्ही कसं काम करता, या प्रश्नाचं उत्तर साध्या भाषेत आलं पाहिजे, सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची थेरपी) म्हणाले तर म्हणजे काय ते विचारा, जो दोन वाक्यांत समजावू शकत नाही तो सेशनमध्ये काय समजावणार. माझं बोलणं कोणाला कळणार का, हे विचाराच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गुप्ततेचा हक्क दिलेला आहे, तरी जिवाला धोका असेल किंवा कोर्टाने मागितलं तर अपवाद असतात आणि चांगला थेरपिस्ट ते स्वतःहून आधी सांगतो. तुमची नोंद कुठे ठेवतात, सेशन रेकॉर्ड करतात का, आयत्या वेळी रद्द केला तर फी जाते का. ऑनलाईनवाले घरच्या एका माणसाचा नंबर मागतात, इमर्जन्सीसाठी, तो द्यायला हरकत नाही.

आणि कुठे फोन ठेवायचा तेही सांगते. एकवीस दिवसांत बदल, शंभर टक्के गॅरंटी, दहा सेशनचे पैसे आजच भरा नाहीतर ऑफर संपेल, किंवा पहिल्याच फोनवर तुमच्या सासूचा दोष आहे असं म्हणणारा. शेवटचा फार गोड वाटतो, त्याच्यापासून जास्त सावध. मी एका ॲपवर तीन महिन्यांचे पैसे भरले होते, तिथे फक्त चॅट आणि दर काही दिवसांनी माणूस बदलायचा, प्रत्येकाला वादळापासून सगळं परत सांगायचं. सुरुवातीला वाचलंच नव्हतं की थेरपिस्ट कायम एकच राहणार नाही. तर ॲपवर जाणार असाल तर हा प्रश्न आधी, आणि पैसे एका सेशनचे.

फीचं म्हणाल तर मला विचारलेल्या ठिकाणी एका सेशनला सातशेपासून दोन हजारांपर्यंत सांगितली, सेशन पाऊण ते एक तासाचा. परवडत नसेल तर स्पष्ट विचारा कमी होईल का, बरेच जण करतात, संस्थांमध्ये शिकाऊ थेरपिस्ट मोठ्यांच्या देखरेखीखाली कमी फीत बघतात. यूपीआयने भरा आणि पावती मागा. विम्यातून मिळतं का ते पॉलिसी बघून ठरतं, भरती न होता घेतलेली थेरपी कित्येक पॉलिसींत बसत नाही.

आता जागा आणि रेंज, शहरातल्यांना हे कोणी सांगावं लागत नाही पण आपल्याकडे अर्धी लढाई तीच आहे. घर मोठं असतं, पण पडवीत बोललेलं माजघरात ऐकू जातं, कौलारू घराच्या भिंती वरपर्यंत जात नाहीत. शेजारची काकू हाक न मारता आत येते. मी पहिला सेशन देवघराशेजारच्या खोलीत घेतला आणि पूर्ण वेळ मी काय बोलतेय यापेक्षा सासूबाईंना काय ऐकू जातंय याकडेच लक्ष. दुसरा वाडीतल्या मांगरात घेतला, तिथे एकांत आहे पण रेंज फक्त दाराशी, आणि पाऊस पत्र्यावर इतका वाजतो की समोरच्याचं काही कळत नाही. शेवटी नवऱ्याची गाडी हर्णैच्या वाटेला सड्यावर नेऊन लावते, काचा वर, फोन स्टिअरिंगला टेकवून, तिथे चार काड्या रेंज येते. जागा ठरवताना सेशनच्या वेळेलाच एकदा कोणाला तरी व्हिडीओ कॉल करून बघा, सकाळची रेंज आणि संध्याकाळची रेंज वेगळी असते. हेडफोन वायरचा घ्या. पहिल्याच दिवशी थेरपिस्टशी ठरवून ठेवा की व्हिडीओ अडकला तर दोन मिनिटं थांबून साधा फोन, तोही लागला नाही तर अमुक दिवशी, म्हणजे लाईट गेल्यावर तुमचा जीव वरखाली होणार नाही. जून ते सप्टेंबर हे होणारच. पाहुण्यांचा धंदा असेल तर शनिवार-रविवार आणि मे महिना सोडून वेळ मागा, मी बुधवार दुपारी तीनची घेतलीय, तेव्हा घर झोपलेलं असतं.

घरी काय सांगायचं हा तुमचा निर्णय. मी नवऱ्याला खरं सांगितलं, सासूबाईंना बँकेचं काम सांगितलं आणि दोन महिन्यांनी त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, मला वाटलंच, तू हल्ली मीठ विचारून घालतेस.

पहिल्या सेशनला तो तीन प्रसंगांचा कागद समोर ठेवा आणि वाचून दाखवा, चांगलं दिसायचा प्रयत्न करू नका. रडू आलं तर येऊ द्या. आपल्यासारख्यांची एक खास अडचण असते, आपण सेशनही ताब्यात घेतो. मी मुद्दे लिहून न्यायचे, मॅडम काही विचारायला लागल्या की आधी माझं होऊ दे म्हणायचे, त्यांनी दिलेला तक्ता सुधारून परत पाठवायचे. चौथ्या वेळी त्यांनी शांतपणे विचारलं, आत्ता मी पुढचा प्रश्न ठरवला तर तुम्हाला काय वाटेल? मी गप्प झाले. छातीत तीच धडधड, जी लोकेशन बंद दिसल्यावर होते. खरं काम त्या दिवशी सुरू झालं, म्हणून तुम्हाला असं होत असलं तर लपवू नका, उलट तेच सांगा.

घरी करायला छोटे प्रयोग देतात. माझा पहिला प्रयोग होता, पाहुण्यांची एक खोली नवऱ्याने आवरायची आणि मी आत जाऊन बघायचं नाही. आधी लिहायचं की काय वाईट होईल असं वाटतंय, भीती शंभरात किती, आणि दुसऱ्या दिवशी लिहायचं खरंच काय झालं. मी लिहिलं होतं, पाहुणे तक्रार करणार, भीती ऐंशी. झालं काय तर उशीचे अभ्रे वेगवेगळ्या रंगांचे होते, पाहुण्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि माशांच्या जेवणाचं कौतुक करून गेले. असे प्रयोग सोपे वाटतात पण त्या रात्री मी दोनदा खोलीच्या दारापर्यंत जाऊन आलेय. दारापर्यंत गेले ते पण मॅडमना सांगितलं.

किती दिवस द्यायचे? चार ते सहा सेशन, मग उघड विचारा की आपण कुठे आलो. जर दर वेळी नुसत्या गप्पा होतायत, काय साधायचं ते ठरलेलंच नाही, किंवा तुम्हाला सतत लहान केल्यासारखं वाटतंय तर थेरपिस्ट बदला, त्यात काही अपमान नाही, वहीतलं दुसरं नाव त्यासाठीच आहे. पण एखाद्या सेशननंतर नुसतं दुखलं म्हणून सोडू नका, दोन दिवस जाऊ द्या आणि पुढच्या वेळी तेच सांगा की मागच्या बोलण्याने लागलं.

मी आता पंधरा दिवसांतून एकदा बोलते. जावेची माफी मागायची होती, ती कशी मागायची यावर एक अख्खा सेशन गेला, कारण मी माफीच्या आत पण तिच्या कळ्या मोजत होते. यंदा उकड मीच काढली, आणि मोदक वळायला ती बसली तेव्हा मी नारळ खवायला पडवीत गेले.